हसनभाईंनी तुमचं प्रोफाइल पाहिलं

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पंचवीस वर्षं कोळंबी एक्सपोर्ट केलेल्या माणसाच्या अंगाला जो वास येतो, त्याने भूतसुद्धा चार हात लांब राहील, असं माझी बायको सुलभा म्हणते. तेव्हा वाचून हसायचं असेल तर हसा. मीही हसलोच असतो.

मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका फॅक्टरीत जनरल मॅनेजर होतो. मागच्या वर्षी फॅक्टरी बंद झाली आणि बावन्नाव्या वर्षी मी घरी बसलो. गुजरातमधल्या वेरावळहून एक ऑफर होती, पण तिथे एकट्याने राहायचं... सुलभाची नोकरी इथल्या शाळेत, आणि मला धड चहा करता येत नाही. शेवटी लेकीने बंगलोरहून फोनवर ओरडून ओरडून मला त्या नोकरीवाल्या नेटवर्किंग साइटवर बसवलं. खातं होतंच – काही वर्षांपूर्वी एचआरने आम्हा सगळ्यांना ट्रेनिंगच्या नावाखाली उघडायला लावलेलं. माझा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर फेटा.

लेक म्हणाली, फोटो बदला आणि अचिव्हमेंट लिहा. मी लिहिली – बोटींवरच बर्फाचे क्रेट देण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे माल परत येणं जवळजवळ थांबलं.

आता हे काम खरं म्हणजे हसनभाईंचं. आमचे प्रॉडक्शन सुपरवायझर. पहाटे बोटी सुटायच्या आधी धक्क्यावर जाऊन प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, बर्फाचे क्रेट द्यायचे आणि कोळंबी डेकवरच बर्फात घालायला लावायचे. तांडेल शिव्या घालायचे, हसनभाई ऐकून घ्यायचे. फाइलवर सही मात्र माझी. आमच्याकडे पद्धतच तशी. खालच्याने करायचं, वरच्याने सही करायची. त्यामुळे ती ओळ लिहिताना मला काही वावगं वाटलंसुद्धा नाही. आणि हसनभाई जाऊन तीन वर्षं झालेली. मी स्वतः त्यांच्या जनाज्याला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना फोन वाजला. हसनभाईंनी तुमचं प्रोफाइल पाहिलं. फोटोत तीच फॅक्टरीतली पांढरी जाळीची टोपी.

सुलभा म्हणाली, त्यांच्या मुलाने उघडलं असेल खातं. पटलं. पण मग तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी... रोज दुपारी दीडलाच. फॅक्टरीत हसनभाई दीडलाच माझ्या केबिनमध्ये रिपोर्ट घेऊन यायचे.

आठव्या दिवशी मी राजिवड्याला त्यांच्या घरी गेलो. मुलगा आखातात, आणि त्याला ते खातं माहीतही नव्हतं. खातिजाभाभींनी कपाटातून हसनभाईंचा फोन काढून दाखवला. रुमालात गुंडाळलेला, बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं. मी खरं कारण सांगितलं नाही. चहा प्यायलो आणि आलो.

त्याच आठवड्यात साइटवरून मेसेज आला. इथल्याच एमआयडीसीत नवीन प्लांट निघतोय, प्लांट हेड हवा आहे, तुमचं बर्फाचं काम वाचून बोलावतोय. सुलभाने लगेच वेरावळसाठी काढलेली बॅग माळ्यावर टाकली.

इंटरव्ह्यू दुपारचा. समोर डायरेक्टर बाई, त्यांच्या हातात माझ्या प्रोफाइलचा प्रिंटआउट. त्यांनी विचारलं, "हे हसनभाई सध्या कुठे असतात?"

मी म्हटलं, कोण हसनभाई? त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. इंग्रजीत, त्याच छापील अक्षरात. पद्धत हसनभाईंची, मी फक्त सही केली.

मी ती लिहिलेली नव्हती. काहीतरी छपाईची गडबड आहे म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं, वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मी तो काढून बघितला नाही.

"ते वारले," मी म्हटलं. "पण लिहिलंय ते खरं आहे."

बाई चांगल्या होत्या. स्पष्टच म्हणाल्या, आम्हाला तांडेलांना पटवणारा माणूस हवा होता. मी निघताना तो कागद मागून घेतला.

घरी येऊन प्रोफाइल उघडलं तर माझी एकच ओळ. दुसरी नव्हतीच. सुलभाने कागद दोनदा वाचला, माळ्यावरची बॅग काढली आणि म्हणाली, "आले ते आले, नोकरी तरी देऊन जायचं की त्यांनी!" आठवड्यात पहिल्यांदा मी हसलो. मग ती दुसरी ओळ मी स्वतः प्रोफाइलवर टाइप केली. त्यानंतर दीडला फोन वाजला नाही.

वेरावळला निघायच्या आधी तो कागद घेऊन भाभींकडे गेलो. त्यांना इंग्रजी येत नाही.

"ह्यांचं नाव कुठं हाय, ता दाखवा," त्या म्हणाल्या.

मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, हळूहळू.

"कागदावर पहिल्यांदाच आलं ना, साहेब? तुम्ही लिहिलंत?"

नाही म्हणावं तर मग कोणी, ते सांगावं लागलं असतं. ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही. मी फक्त मान खाली घातली. भाभींनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.