धुतलेल्या काठ्या

रेखा उपासनीला स्वच्छतेचं भलतं वेड. हातात ब्रश आला की बाई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. साउथहॅम्प्टनबाहेरच्या एका प्राणी-पार्कात एकवीस वर्षं कीपर, आणि शेवटी वाट्याला आला आर्डवुल्फ! नावात लांडगा, कुळ तरसाचं, खाणं वाळवीचं. लोक "वुल्फ! वुल्फ!" करत यायचे आणि तो किडे चाटतो कळलं की सिंहाकडे पळायचे. रेखाचा जळफळाट व्हायचा. "मेल्यांनो, दोन मिनिटं थांबलात तर झिजाल का?" तिने त्या नराचं नाव बाबू ठेवलं होतं.

मार्चमध्ये बाबूसाठी मादी आणली. हे प्राणी काठ्यांवर आपल्या अंगाचा वास फासून ठेवतात. म्हणून महिनाभर दोघांच्या काठ्यांची अदलाबदल करायची, वासाची ओळख पटली की दोन पिंजऱ्यांमधलं दार उघडायचं. हेड कीपर ग्रॅहमने सोमवार ठरवला. रविवारी रेखाला त्या काठ्यांवरचा काळा, चिकट थर दिसला. शी! नव्या नवरीच्या घरात ही घाण? ओळख तर झालीच असणार. तिने सगळ्या काठ्या साबणाने लख्ख घासल्या.

सोमवारी मादी आत आली. बाबूने एक काठी हुंगली, दुसरी हुंगली. त्याची आयाळ ताठ झाली आणि तो तिच्यावर तुटून पडला. दाढा नावालाच, पण सुळे कसले! त्याने तिचा कान फाडला, गळा धरला, झिंजाडला, पुन्हा धरला. भिंतीवर रक्त उडालं. रेखा झाडू घेऊन आत घुसली. "सोड रे! सोड मेल्या!" बाबूने तिच्या मनगटात सुळे रुतवले. ग्रॅहमने पाइपने पाण्याचा मारा केला तेव्हा कुठे तो हटला. तोवर मादी पाय झाडायची थांबली होती.

"हा पिसाळलाय," ग्रॅहम धापा टाकत म्हणाला. "माणसाला चावला. व्हेटला फोन करतो, आजच इंजेक्शन देऊन संपवू."

रेखाच्या मनगटाला गुंडाळलेल्या टॉवेलमधून रक्त ठिबकत होतं. गप्प बसली असती तर नोकरी वाचत होती, कुणाला काही कळलंही नसतं. कोपऱ्यात बाबू थरथरत होता.

"त्याला मारू नकोस," ती म्हणाली. "काल काठ्या मी धुतल्या."

"काय?"

"साबणाने. त्याला ती परकी वाटली, ग्रॅहम. त्याने नाही, मी मारली तिला." आणि तिला रडू फुटलं.

फोन खिशात टाकून ग्रॅहमने हात पुढे केला. "चाव्या दे."

एकच हात चालत होता, त्यामुळे कमरेच्या चाव्या सोडवायला रेखाला जरा वेळ लागला.