वर्धेच्या आणि कन्हानच्या पाणपिसवा

आमचं घर वर्धेकडच्या पांढुर्ण्याला आणि मोठी बहीण कन्हानकडच्या सौंसरला दिलेली. म्हणूनच नागपूरला संशोधनासाठी मी वर्धा आणि कन्हान या नद्या निवडल्या. गाइडना सांगितलं, खोरी शेजारशेजारची पण पाणी वेगळं. मनात मात्र होतं, दर महिन्याला बहिणीकडं राहायला मिळेल.

दोन्ही नद्यांत पाणपिसवा सापडायच्या, ठिपक्याएवढे, पारदर्शक जीव. दिसायला सारख्या. त्या आतूनही सारख्या आहेत का, हे मला पाहायचं होतं. त्यांचा रस जेलच्या पातळ, खळीसारख्या थरावर ठेवून वीज सोडायची. प्रथिनांचे पट्टे कुठं उमटतात त्यावरून पिढीजात फरक कळायचा.

कन्हानवर बहीण सोबत यायची. लुगडं खोचून पाण्यात उतरायची, जाळी माझ्यापेक्षा सफाईनं फिरवायची. मॅट्रिकनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासू तिला दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला न्यायची.

त्या उन्हाळ्यात बसच्या उकाड्यात माझे नमुने वाटेतच मरू लागले. एका दुपारी बहीणच प्रयोगशाळेच्या दारात उभी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा.

"एकटी आली?"

"हो. पहाटे जाऊन भरून आणलं. पाहाय, जिवंत आहेत का."

जिवंत होत्या. मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"काळीज उडून राहिलं हिचं," ती म्हणाली. मग, "पाठीवर काय आहे?"

"पिल्लं."

"अन् नर?"

"बहुतेक वेळा लागत नाही."

बराच वेळ तिनं डोळा काढला नाही.

संध्याकाळी जेलवर पट्टे उमटले. कन्हानचे वर्धेच्या पट्ट्यांपासून सरकलेले होते. गाइडच्या आधी मी ते तिला दाखवले.

"दिसायले तं एकसारख्याच होत्या," ती म्हणाली.

बसस्टँडवर तिनं विचारलं, "मले जमलं असतं का गं हे?"

"अजूनही जमेल," मी म्हटलं. तेवढ्यात बस लागली.

पावसाळ्यापूर्वी भाऊजींची दूर बस्तरकडं बदली झाली. मग मी एकटीच कन्हानवर जायची आणि त्याच दिवशी परतायची. जाळी फिरवताना काही बोलायला मान वळवायची, शेजारी कोणी नसायचं.

मला पदवी मिळाली. तिनं तिकडं बाहेरून बी.ए. केलं, दिराची मुलगी वाढवली. आता आम्ही लग्नकार्यात भेटतो, चार माणसांत. गेल्या वर्षी मी म्हटलं, एकदा दोघीच सौंसरला जाऊ. ती म्हणाली, "गुडघे दुखून राहिले. हिवाळ्यात पाहू."