जादा माणूस

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत; शिकवलं मात्र त्यांनी कधी कुणालाच नव्हतं. मास्तरांचं काम आखणीचं. एकाच नमुन्याची नवी अणुवीज केंद्रं एकामागून एक उभी राहत होती. त्यातलं कुठलं कधी बंद ठेवायचं, जुनं इंधन काढून नवं कधी भरायचं, ते मास्तर ठरवत. पूर्वी या कामाला प्रत्येक केंद्राची स्वतःची टोळी असे आणि वर्षातला बराच काळ ती माशा मारत बसे. मास्तरांच्या डोळ्यांत ते खुपे. त्यांनी सगळ्यांत मिळून एकच फिरती टोळी केली. एक केंद्र उरकलं की पुढचं. इंधन भरायच्या यंत्रावर परवानेवाला माणूस लागतो, आणि त्याच्या जोडीला एक जादा असायचा. मास्तरांनी तो जादा माणूस उडवला. वरच्यांनी पाठ थोपटली. पुढे मुलगाच परवाना काढून त्या यंत्रावर बसला, तेव्हा तर मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

मग बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. पलंग खिडकीशी सरकवला, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत राहिलं. तिचा एकच धोशा, "पोराला बोलवा."

मुलाचा फोन आला. "बाबा, रजा मागितली. साहेब म्हणतात, तुझ्या जागी कुणाला बसवू ते तुझ्या वडिलांनाच विचार. इथे अणुभट्टी उघडी आहे."

"दुसऱ्या पाळीचा आहे ना?"

"त्याने दोन्ही पाळ्या कशा करायच्या? नियमात बसत नाही. तुम्हीच केलंय ना हे सगळं? मग काढा की काहीतरी वाट!"

मास्तरांनी एकेक केंद्र मनात चाचपून पाहिलं. कुठेच फट नव्हती. नोकरीभर त्यांनी फटीच बुजवल्या होत्या, आणि पक्क्या बुजवल्या होत्या. स्वतःच्या हुशारीची त्यांना इतकी चीड कधी आली नव्हती.

"नाही रे," ते म्हणाले. "कुणी नाही."

पलीकडे मुलगा हुंदके देत होता. चांगला बाप्या गडी, पण त्याला आवरेना.

ते पलंगाशी येऊन बसले. बायकोने विचारलं, "कधी येतोय?"

उद्या म्हणावं, असं फार वाटलं त्यांना. पण तारखेच्या बाबतीत खोटं बोलायची जिभेला सवयच नव्हती. त्यांनी खरी तारीख सांगून टाकली.

तिने सावकाश बोटांवर दिवस मोजले. मग त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तेवढं नाही हो जमायचं मला," ती अपराधी चेहऱ्याने म्हणाली, जणू त्यांचं वेळापत्रक तीच बिघडवत होती.