काकांच्या लार्चचा शेंडा

करवतीला चिकटलेल्या राळेचा वास आला की इथे नेपरव्हिलमध्ये शेजारच्या काकूंच्या बॅकयार्डमधला तो नोव्हेंबर आठवतो. काका गेल्यावर काकू अस्थी घेऊन पुण्याला गेल्या होत्या आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. नोव्हेंबरात काकांनी लावलेल्या लार्चच्या झाडाची सुईसारखी पानं पिवळी पडली आणि बघता बघता सगळी गळली. ख्रिसमस ट्रीसारखं दिसणारं झाड कधी बोडकं होतं का? मेलंच, असं मी धरून चाललो. परत आल्या आल्या काकूंना आणखी एक मरण दिसायला नको, म्हणून शिडी लावून वरून कापायला घेतलं. शेंडा खाली पडला, तेवढ्यात बर्फ सुरू झाला आणि बाकीचं राहिलं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या. त्यांनी शेंडा उचलला आणि नखाने साल खरवडली. आत हिरवंगार होतं. “अरे, हे दरवर्षी असंच होतं. एप्रिलमध्ये परत फुटतं. आमचे हे फेब्रुवारीत फक्त खालच्या वाळक्या फांद्या काढायचे, शेंड्याला कधी हात लावला नाही.” मी शिडी आवरायला लागलो. त्या म्हणाल्या, “चहा घेणार?” आता दर फेब्रुवारीत त्या खालच्या फांद्या मी काढतो. काकू खिडकीतून बघत असतात. मी मान वर करत नाही.