मशिनीची ओटी

साखराबाईंना प्लास्टिकचं अप्रूप कधी सरलंच नाही. अर्धा जन्म या धंद्यात गेला, तरी साचा उघडायच्या आधी बाई अजून श्वास धरतात. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमधल्या बाया हसतात, "मावशी, लोटाच निघणार हाय, वाघ न्हाई!" साखराबाईही हसतात, पण नजर साच्यावरच. प्लास्टिकचा पांढरा दाणा मशिनीच्या पोटात गेला अन् घडीव भांडं होऊन बाहेर आला, याचं ज्याला नवल वाटत नाही त्यानं एकदा डॉक्टरला दाखवून यावं, असं त्यांचं म्हणणं. आणि खोटं काय आहे त्यात?

हे नवल किल्लारीत सुरू झालं. भूकंपात घर बसलं. नवऱ्यानं, शेषेरावांनी, त्यांना मातीतून जिवंत ओढून काढलं. चार वर्षांची लेक बबिता मात्र हाती लागली ती गेलेलीच. पुढं केव्हातरी दोघं दगड उपसायला गेले. पितळेची घागर चेपून भाकरीएवढी झालेली, हंड्याचा, परातीचा चेंदामेंदा. त्या सगळ्याखाली बबिताचा अंघोळीचा लाल प्लास्टिकचा लोटा चपटा होऊन पडला होता. शेषेरावांनी त्याच्यावरचा धोंडा बाजूला केला, तसा तो लोटा हळूहळू फुगत आला आणि होता तसा गोल झाला. नवरा-बायको बघतच राहिली.

"पितळ मेलं, अन् हे उठून बसलं गं!" शेषेराव म्हणाले. दुसरा कोणी असता तर देवाला शिव्या देऊन मोकळा झाला असता. या माणसानं तो लोटा धुऊन पिशवीत घातला आणि जीप धरून लातूर गाठलं. एका कारखान्यात दाणे भरायला राहिला, काम शिकला, आणि दोन वर्षांनी कोणाची तरी मोडीत निघालेली हातमशीन घरी घेऊन आला. हा दांडा ओढायचा, बायको काठ छाटायची. पहिला नग निघाला तो लाल लोटाच. तो विकायचा नाही असं ठरलं आणि तीच घरची रीत झाली. नव्या साच्याचा पहिला नग फळीवर जायचा, बबिताच्या लोट्याशेजारी.

आणखी एक रीत होती, ती एकट्या साखराबाईंची. त्या सुन्या घरात मशीन आली तेव्हा त्यांना वाटलं, लेकच माहेरी आली. तिला वाढवून, नांदायला पाठवून, सणाला तिची ओटी भरायची सगळी हौस मनातच राहिली होती. दसऱ्याला त्यांनी मशिनीच्या पायाशी खण पसरला, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ ठेवला. पुढं दरसाल नारळ शेषेरावच आणायचे. मागाहून सुदर्शन झाला. त्याच्या लेखी ती दसऱ्याची पूजा. एक बहीण होती एवढं त्याच्या कानावर होतं, पण घरात तिचं नाव निघत नसे. निघायला लागलं की शेषेराव उठून बाहेर जायचे.

शेषेराव गेले. धंदा सुदर्शननं वाढवला आणि औंदा मोठी कॉम्प्युटरवाली मशीन आणली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असते ना, ती मापाची टोपी, त्या टोप्यांचं काम हैदराबादच्या एका कंपनीकडून मिळायच्या बेतात होतं. नमुना पसंत पडला तर मशीन राहणार, नाही तर आली तशी परत, आणि पोराची बाजारात शोभा. नमुना बघायला कंपनीचे चंद्रप्पा येणार होते. सुदर्शन त्यांना आणायला स्टँडवर गेला, आणि इकडं साखराबाई ओटीचं ताट घेऊन मशिनीपुढं उभ्या राहिल्या.

काय ती मशीन! बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातच जोडले. जुन्या मशिनीला तोंड होतं मुठीएवढं. हिला वर केवढं मोठं नरसाळं, शिगोशीग पांढऱ्या दाण्यांनी भरलेलं. "अगं माय, ही तर पदर पसरूनच उभी हाय!" त्या स्टुलावर चढल्या आणि ओंजळभर तांदूळ, वर चिमूटभर हळदकुंकू, मायेनं त्या नरसाळ्यात सोडलं. तांदूळ दाण्यांत असा मिसळला की ओळखू येईना. मशीन चालवणारा अंगद तेव्हा हात धुवायला गेला होता.

चंद्रप्पा आले, चहा झाला, सुदर्शननं बटण दाबलं. साखराबाईंनी सवयीनं श्वास धरला. साचा उघडला आणि टोप्या खाली पडल्या त्या पिवळ्या रेघांच्या, काळ्या ठिपक्यांच्या. दुसऱ्या दाबाला मशीन घुसमटली आणि बोंबलायला लागली. शेडभर भात करपल्याचा वास सुटला. 

"दाणे चाळून घेतले न्हाईस का रे?" सुदर्शन अंगदवर खेकसला. "एवढ्या मालाचं वाटोळं केलंस!"  साखराबाई गप्प बसल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"त्याला बोलू नको. म्या घातले तांदूळ."

"आई! मशिनीत तांदूळ? कशापायी?"

"ओटी भरली."

"मशिनीची ओटी कोण भरतं, अम्मा?" चंद्रप्पांनी विचारलं.

साखराबाईंनी पोराकडं बघितलं. इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं ओठावर आलं. "लेकीची भरतात. माझी बबिता ऱ्हायली असती तर तिची भरली असती. ती न्हाई, म्हणून हिची भरते. तो फळीवरचा लोटा तिचाच हाय. चुकलं माझं. मला काय ठावं, ते हिचं तोंड हाय म्हणून!"

सुदर्शननं मान खाली घातली. मग बाह्या सारल्या, पाना घेतला आणि मशिनीचं तोंड उघडलं. सगळी दुपार तो आणि अंगद आत नवा दाणा सोडत होते आणि गोळे बाहेर काढत होते. आधी पिवळे, मग काळपट, मग हळूहळू दुधासारखे. चंद्रप्पांची परतीची एसटी निघून गेली, तरी ते खुर्ची ओढून बसून राहिले. दिवस कलता कलता साचा उघडला आणि टोप्या पडल्या, डाग नावाला नाही. चंद्रप्पांनी एकेक उजेडात धरून बघितली आणि नमुना खिशात घातला. "पुढल्या महिन्यात माल द्या," म्हणाले.

पहिली पिवळी टोपी साखराबाईंनी मुठीत लपवली होती, गुपचूप भंगारात टाकायला. सुदर्शननं ती मूठ उघडली. "पहिला नग टाकायचा न्हाई, आई. रीत तुझीच हाय ना?" आणि ती टोपी त्यानं फळीवर लोट्याशेजारी ठेवली.

आठवड्यानं मशीन कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. मशिनीच्या पायाशी स्टीलची एक छोटी ताटली वेल्डिंग करून बसवलेली. "हे काय बसवलंय? आमच्या नकाशात नाही."

साखराबाई शेजारीच टोप्या निवडत होत्या.

"ताईची ओटी भरायला," सुदर्शन म्हणाला.

साखराबाईंचा हात थांबला. ताई हा शब्द त्या घरात तोवर कोणी उच्चारलाच नव्हता.