गुप्त तक्रारीचा सत्कार

राजारामपुरीतल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स होते, तिथं एकदा वापरून फेकायच्या नळ्या धुवून दुसऱ्या पेशंटला लावायचे. जिन्याजवळ पाटी होती: ‘तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जाईल.’ त्या पाटीवर विश्वास ठेवून मी तक्रार केली.

वर्धापनदिनाला माइकवरून माझंच नाव पुकारलं. “या ताईंनी नळ्यांची गोष्ट धाडसानं आमच्या कानावर घातली,” म्हणत मोठ्या डॉक्टरांनी मला शाल पांघरवली, हातात नारळ दिला. नळ्या धुवायला सांगणारे हेच! आणि मी मूर्खासारखी हात जोडून उभी.

दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्याजवळ कुणी डबा उघडला नाही. रोज माझी भाजी खाणारी मैत्रीण दारातूनच म्हणाली, “न्हाय बाई, तुझ्याजवळ बसलेलं दिसलं तर माझीबी नोकरी जाईल की.”

माझी गेलीच. कामात लक्ष नाही म्हणे! सामान आणायला गेले, तर धुण्याच्या खोलीत त्याच नळ्या वाळत होत्या. उतरताना जिन्याजवळ थबकले. माझ्या सत्काराचा फोटो फ्रेम करून लावला होता, पूर्ण नावानिशी, बरोबर त्या पाटीखाली.