मामाने झाळलेला बिल्ला

माझा मामा पितळेच्या वस्तू झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून देतो. कड्या, कुलपं, दिव्याच्या बैठका, काय तुटेल ते. चाळीस वर्षं त्याच खोलीत, त्याच स्टुलावर. स्वभावाने गरीब गाय. घराण्यातला सगळा राग बहुतेक माझ्याच वाट्याला आलाय. पलटणीतले शिपाई टोपीवरच्या बिल्ल्यांच्या तुटक्या पिना त्याच्याकडून बसवून घ्यायचे आणि तो चहाच्या पैशांत बसवून द्यायचा. तेव्हा असल्या बिल्ल्यांना कुत्रं विचारत नव्हतं. भंगारवाले किलोवर उचलायचे.

आता म्हणे संग्राहक आलेत. ज्यांनी जन्मात बंदूक धरली नाही ते हातमोजे घालून बिल्ले धरतात. गेल्या वर्षी पाचशेला मिळणारा बिल्ला आज पाच हजारांना, आणि लढाईत मेलेल्या शिपायाचा असेल तर बोलायलाच नको. माणूस मेला की भाव चढतो, हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर त्या भावाचं आम्हाला काही सोयरसुतक नव्हतं. पण मावशीचा बिल्ला गेला. मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण. तिचा नवरा लढाईत गेला तेव्हा घरी एक ट्रंक आली आणि हा बिल्ला आला. पिन तुटलेली होती, ती मामानेच झाळून, कानशीने घासून दिली. मावशी रोज सकाळी तो फडक्याने पुसायची आणि डब्यात परत ठेवायची. घर बदलताना सुनेने जुने डबे भंगारात दिले, त्यात तो डबाही गेला. मावशी सुनेला एक अक्षर बोलली नाही. नुसतं जेवण कमी झालं तिचं.

मामाने महिनाभर जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घातली. शेवटी एका ठिकाणी काचेखाली बिल्ला दिसला, तेव्हा तो तसाच मागे फिरला आणि मला घेऊन गेला. भांडायला कोण लागतं हे त्याला ठाऊक आहे.

आम्ही गेलो तेव्हा दुकानदार एका गिऱ्हाइकाला तोच बिल्ला दाखवत होता. चाळीस हजार.

"मागची पिन बघा, कारखान्यातली," तो सांगत होता. "हे उलटे ओरखडे दिसतात ना? जुन्या यंत्राची खूण. पिन दुरुस्त केलेली असती तर पाचशेलासुद्धा कोणी घेत नाही."

"बिल्ला आमच्या घरचा आहे," मी म्हटलं.

"पावती आहे का?"

नवरा गमावल्याची पावती कुठे मिळते, असं मी विचारणारच होते, पण मामाने माझा हात दाबला. त्याने खिशातून कानस काढली, घराची पितळी किल्ली काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर डाव्या हाताने तीनदा घासलं. मामा डावखुरा आहे. सगळ्यांचे ओरखडे एकीकडे झुकतात, त्याचे दुसरीकडे.

गिऱ्हाइकाने भिंगातून आधी किल्ली पाहिली, मग बिल्ला.

"ते यंत्र मीच," मामा म्हणाला. "दुरुस्तीचा माल आहे."

गिऱ्हाईक हातमोजे काढून चालतं झालं. दुकानदार आमच्यावरच उखडला. चोर तो चोर, वर शिरजोर. मामाने पाचशे पुढे केले. तो घेईना, तेव्हा मी दारात खुर्ची ओढून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला पिनेची गोष्ट सांगते म्हटलं. मग घेतले. आपलीच वस्तू, तीही टाकाऊ म्हणवून, पैसे मोजून आणायची. रस्ताभर मी धुसफुसत होते.

मावशीने बिल्ला आधी उलटा केला. अंगठ्याने पिनेचं बूड चाचपलं आणि बराच वेळ अंगठा तिथेच ठेवला.

"कितीला पडला रे?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण मामा आधी बोलला. "चाळीस हजारांचा आहे म्हणाला. तुझ्या नवऱ्याचा आहे असं सांगितल्यावर तसाच दिला त्याने."

मामा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही त्या मेल्या दुकानदाराचं नाव राखायला. तो खाली बघून किल्ली पुसत होता.

"चाळीस हजार," मावशी हळूच बिल्ल्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भला माणूस दिसतो गं. उद्या जाऊन त्याला माझा नमस्कार सांगून ये."

मी बरं म्हटलं.